गोपवेष घेतलेला गडी



सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि त्यात वक्त्याला खेळच सांगावे लागतात, ही आपल्या संप्रदायाची रीत सर्वांना ठाऊक आहे. सारा सप्ताह नाम, वैराग्य आणि संतमहिमा ह्यांवर बोललेला कीर्तनकार त्या दिवशी गोकुळात उतरतो आणि चेंडूफळी, विटीदांडू, हमामा, हुंबरी, लगोऱ्या, टिपरी ह्यांत रमतो. तुकोबारायांच्या गाथ्यात ह्या खेळांची नावे घेऊन केलेले अभंग आहेत. वारीत रिंगणाचा अश्व धावून गेला की टाळकरी उड्यांचा खेळ मांडतात, बाया फुगड्या घालतात, आणि साठी उलटलेले बुवासुद्धा पखवाजाच्या ठेक्यावर पावली टाकतात. खेळ आपल्याला परका नाही, हे आधी ध्यानात घ्या. कारण पुढे जे बोलायचे आहे ते खेळाविषयीच आहे, आणि ऐकणाऱ्याने पहिल्याच वाक्याला "खेळ म्हणजे पाप" असा निकाल देऊन टाकला तर आमचे बोलणे वाया जाईल.

अलीकडे सोलापुरात कुठेही कीर्तन झाले, मग ते पेठेत असो की पूर्व भागात, आरती झाल्यावर दोन-चार आयाबाया पाया पडायला येतात आणि गाऱ्हाणे मात्र एकच सांगतात. "बुवा, पोरगं मोबाईल खाली ठेवत नाही बघा. जेवताना गेम, निजताना गेम. तुम्ही तरी सांगा की त्याला काहीतरी." पोराला काय सांगायचे ते सांगू. पण पोरे हे मासिक वाचत नाहीत; वाचता तुम्ही. म्हणून आजचे बोलणे आईबापांसाठी आणि विशेषेकरून आजी-आजोबांसाठी आहे.

संस्कृत व्याकरणात 'दिव्' नावाचा धातू आहे. धातुपाठाने त्याला दहा अर्थ दिले आहेत. पहिला अर्थ क्रीडा. लगेच दुसरा, जिंकण्याची इच्छा. तिसरा व्यवहार, म्हणजे देवघेव. पुढे तेज येते, स्तुती येते, आनंद येतो. आणि आनंदाला लागून मद येतो, मदाला लागून निद्रा. ह्याच धातूपासून 'देव' शब्द झाला आणि ह्याच धातूपासून 'द्यूत' झाला. गुरुगृही हे पाठ केले तेव्हा त्याचे फारसे कौतुक वाटले नव्हते. आज पोरांच्या हातातला खेळ पाहिला की तो सारा क्रम डोळ्यांपुढे उभा राहतो. पोर बसते ते क्रीडेसाठी. मग जिंकायची ईर्ष्या चढते. मग त्या खेळातली खोटी नाणी, खोटे हिरे खऱ्या पैशाने घ्यायचा व्यवहार सुरू होतो. मग मद, आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात निद्रा. जागतिक आरोग्य संघटनेने हा खेळाचा मद आपल्या रोगांच्या यादीत घातला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. स्वतःवर ताबा न राहणे, जेवणखाण-अभ्यासाच्या आधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे दिली आहेत. सगळीच खेळणारी पोरे रोगी नव्हेत. परंतु ज्या धातूतून देव निघाला त्यातूनच द्यूत निघाले, हे विसरून चालत नाही.

द्यूताविषयी फार बोलत नाही, कारण तिथे वादच नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यात जुगारी स्वतःच रडून सांगतो की बायको दुरावली, सासू द्वेष करते, कोणी दया दाखवत नाही. आणि शेवटी त्याला फासे टाकून शेती कर असा उपदेश होतो. धर्मराजासारखा धर्मराज फाशांपायी राज्य घालवून बसला, भाऊ आणि पत्नी पणाला लावून बसला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. त्याच कायद्याने पैशाशिवायचे, करमणुकीचे आणि स्पर्धेचे खेळ मात्र चालू राहू दिले. म्हणजे जे शास्त्राने वेगळे काढले तेच सरकारनेही वेगळे काढले. तेव्हा आपल्या घरात "थोडेसेच लावले, शंभरच रुपये" म्हणणारा कोणी असेल, मग तो पोरगा असो वा पोराचा बाप, त्याला तिथेच थांबवावे.

आता जो खेळ द्यूत नाही, त्यातले भय कोणते? इथे भागवताच्या दशम स्कंधाकडे चला.

अठराव्या अध्यायात उन्हाळ्याचे दिवस आहेत. वृंदावनात गोपाळांनी दोन तट पाडले आहेत, एकीकडे कृष्ण, दुसरीकडे बळीराम. पैज अशी की हरेल त्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन भांडीर वडापाशी ठरलेल्या खुणेपर्यंत न्यायचे. ह्या खेळात एक नवा गडी मिसळला. अंगावर गोपाचाच वेष, हातात काठी, बोलणे गोपाचेच. तो प्रलंबासुर. पोरांनी त्याला ओळखले नाही. ओळखणार कसे? पोर गड्याची जात पाहत नाही, कुळ पाहत नाही, तो नीट खेळतो ना एवढेच पाहते. तो पोराचा दोष नसून पोराचा मोठेपणा आहे. कृष्णाने मात्र त्याला ओळखले. कृष्णाचा तट हरला. देवाने स्वतः श्रीदामा गोपाला पाठीवर घेतले, आणि प्रलंबाने बळीरामाला. आणि मग प्रलंबाने काय केले? ठरलेली खूण आली तरी त्याने गड्याला उतरवले नाही. तो पुढे, कृष्णाच्या नजरेआड पळत सुटला. तिथे त्याचे खरे रूप प्रगटले, आणि बळीरामाच्या एका मुठीने त्याचा ग्रंथ आटोपला.

मायबापहो, आजच्या खेळात हाच प्रलंब आहे. पोराच्या मोबाईलमध्ये चार जणांचा तट पडतो. त्यातले दोघे वर्गातले असतात, तिसरा शेजारच्या आळीतला असतो, आणि चौथा कोण, हे कोणालाच माहीत नसते. नाव पोराचे, चित्र पोराचे, बोलणे पोराचे. वय चाळीस असू शकते. तो आधी नीट खेळतो, जिंकून देतो, फुकट हिरे देतो, "तू भारी खेळतोस रे" म्हणतो, जे वाक्य घरात कोणी म्हणालेले नसते. मग एक दिवस तो ठरलेली खूण ओलांडतो. "इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू." "आईबाबांना सांगू नकोस, आपल्या दोघांतच ठेव." "तुझा फोटो पाठव." "आजोबांच्या मोबाईलवर आता एक सहा आकड्यांचा ओटीपी येईल तो मला सांग, तुला हजार हिरे मिळतील." हे ऐकले की समजावे, गडी खुणेपलीकडे पळायला लागला. पोराला असुराची शंभर लक्षणे पाठ करवण्याची गरज नाही. एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात रुजवावी : जो गडी तुला घरच्यांच्या नजरेआड नेऊ पाहतो, तो गडी नव्हे.

ह्या भयाची झळ आमच्या शहराने पाहिली आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाची देशभर दहशत होती. त्याच वेळी सोलापुरातून एक चौदा वर्षांचा मुलगा त्या खेळाच्या नादाने घर सोडून पुण्याच्या वाटेला लागला, असे वर्तमानपत्रांत आले. खबर वेळेवर पोलिसांपर्यंत गेली म्हणून भिगवण येथे बसमधून त्याला सुखरूप उतरवून घेण्यात आले. पुढे सरकारने नेमलेल्या समितीला देशातल्या कोणत्याही मृत्यूशी त्या खेळाचा संबंध सिद्ध करता आला नाही. म्हणून कोणी म्हणेल, ती सारी आवईच होती. असेलही. पण बसमध्ये बसलेले ते पोर आवई नव्हते. घरात एवढी माणसे असताना त्याच्या मनात काय चालले आहे हे त्या घडीपर्यंत कोणाला पुसता आले नाही, एवढे तर खरे? आणि ते एका घरापुरते खरे नाही.

आता पूर्वपक्ष असा की, ह्यावर सोपा उपाय आहे, मोबाईल काढून घ्यावा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी बंद केला. पोरे दुसऱ्या खेळाकडे गेली. शिवाय ज्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागून शाळा बंद झाल्या, त्यानंतर आपणच कर्ज काढून पोरांच्या हातात मोबाईल दिला, कारण शाळाच त्यात भरत होती. त्या वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुकासुद्धा पायी न जाता एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. काळाने पावले बदलली तर ती आपल्यालाही टाकावी लागतात. आणि हे यंत्र वाईटच असते तर आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून पोरांना शिकवले नसते, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला नसता. (आमच्यासारख्या कीर्तनकारांची कीर्तनेही आता मंडळी यूट्यूबवर पाहतात. घरबसल्या पाहतात, आणि मंदिरात सतरंज्या रिकाम्या राहतात, ते गाऱ्हाणे पुन्हा कधीतरी.)

तेव्हा सिद्धान्त काय? प्रलंब ओळखला गेला तो कशामुळे? कृष्ण काठावर बसून "खेळू नका रे" असे ओरडत नव्हता. तो खेळात होता. त्याने स्वतः हार पत्करली, पोराला पाठीवर घेतले, घाम गाळला. जो खेळात असतो त्यालाच परका गडी कळतो. आपण मात्र पोराला मोबाईल देऊन मोकळे होतो, वर म्हणतो, चला, शांत तरी बसला. घराघरात आज पोर कोपऱ्यात, बाप दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःच्याच मोबाईलात, आणि आजोबा दाराशी तोंड फिरवून. ह्या तिघांच्या मधल्या रिकाम्या जागेत प्रलंब येऊन बसतो.

घरच्यांनी घरच्यांसाठी खेळ मांडावा, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. मोक्षपट नावाचा खेळ ज्ञानेश्वर माउलींनी केला, असे परंपरा सांगते. आख्यायिका अशी की निवृत्तिनाथ आणि ज्ञानोबा माधुकरीला जात, तेव्हा मागे राहिलेल्या लहानग्या सोपान-मुक्ताईचे मन रमावे म्हणून तो पट मांडला. कवड्यांचे दान टाकायचे. पहिले घर जन्माचे, शेवटचे मोक्षाचे. मध्ये कामक्रोधादिकांचे साप आणि सद्गुणांच्या शिड्या. इंग्रजांच्या देशी जाऊन त्याची सापशिडी झाली आणि हळूहळू त्यातली सद्गुण-दुर्गुणांची नावे गळून गेली. गावाने वाळीत टाकलेली, आईबापांवाचून पोरकी चार भावंडे. त्यांतल्या थोरल्यांना वाटते की आपण घरात नसताना धाकट्यांचा वेळ कसा जाईल. ही कथा ऐकताना आम्हांला दर वेळी भरून येते. ज्ञानेश्वरी सांगणारा पुरुष धाकट्या बहिणीसाठी खेळ मांडतो, आणि आपल्याला पोराबरोबर एक डाव बसायला वेळ नाही!

पूर्व भागात विड्या वळून संसार केलेली एक माउली आमच्या ओळखीची आहे. मुलगा पुण्यास कंपनीत, नातू दहा वर्षांचा. म्हातारीला अक्षरओळख बेताची. पण टाळेबंदीत मुलाने तिच्या मोबाईलवर लूडो बसवून दिले. हा 'लूडो किंग' खेळ नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली काढलेला, आपल्या सारीपाटाचाच धाकटा भाऊ. त्यात आपल्यापुरती खोली करता येते. तिचा आकडा ज्याला दिला तोच आत येतो, परका येत नाही. रात्री हरिपाठ झाला की म्हातारी आणि नातू डाव मांडतात. नातू तिकडून ओरडतो, "आजी, तुझी सोंगटी मारली!" म्हातारी इकडून म्हणते, "मार की रे, मी काय मरते व्हय!" असे चालले असता एका रात्री सोंगटी हलवता हलवता पोर बोलून गेले की दुसऱ्या एका खेळात एक दादा आहे, तो रोज फोटो मागतो, नाही दिला तर तुझे खाते बंद करीन म्हणतो. पोराने हे आईला सांगितले नव्हते, बापाला सांगितले नव्हते. आजीला सांगितले, कारण आजी गडी होती. म्हातारी घाबरली नाही, पोराला रागावलीही नाही. म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी माझ्या आजीसंगं एक डाव खेळ, मग फोटो." पोर हसले. मग तिने मुलाला फोन करून सगळे सांगितले. त्याने तो गडी खेळातून बंद केला, त्याची तक्रार नोंदवली, आणि त्या दिवसापासून तोही रोज रात्री एक डाव खेळतो.

पोराला न रागावण्यालाही भागवताचा आधार आहे. सदतिसाव्या अध्यायात व्योमासुर येतो. डोंगरपठारावर काही गोपाळ मेंढरे झाले, काही राखणदार, काही चोर. व्योमासुर गोपवेषाने चोरांत शिरला आणि मेंढरे झालेल्या पोरांना एकेक करून नेऊन गुहेत कोंडू लागला, तोंडावर शिळा लावू लागला. चार-पाचच उरली तेव्हा ते कृष्णाच्या ध्यानी आले. कृष्णाने त्याला धरले, मारले, गुहेचे तोंड फोडले आणि पोरांना बाहेर काढले. "तुम्ही गेलातच कसे त्याच्याबरोबर?" असे तो एकालाही म्हणाला नाही. आपण मात्र फसलेल्या पोराला पहिली थोबाडीत देतो. मग गुहेतले दुसरे पोर हाक मारील का? (हा व्योम मयासुराचा पुत्र. त्या मयानेच पांडवांची सभा बांधली होती, जिथे दुर्योधनाला जमीन पाणी वाटली आणि पाणी जमीन. पोरांच्या हातातली काच पाहिली की आम्हांला तीच सभा आठवते.)

राहता राहिला रोजचा आचार. शास्त्रग्रंथ हाती घेण्यापूर्वी अनुबंधचतुष्टय पाहावे असे आम्हांला शिकवले : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. पोराच्या मोबाईलात नवा खेळ येण्यापूर्वीही हे चार प्रश्न घालावेत. अधिकारी कोण, म्हणजे हा खेळ कोणत्या वयासाठी आहे. ते खेळाच्या नावाखाली लिहिलेले असते. विषय काय, नुसती मारामारी की आणखी काही. प्रयोजन कोणाचे; खेळ फुकट असेल तर कंपनी जगते कशावर, हे पोरालाच विचारा, पोरे हुशार असतात, बरोबर सांगतात. आणि संबंध, शास्त्रात त्याचा अर्थ निराळा, इथे सरळ घ्या, कोणाशी संबंध येतो. अनोळख्यांशी बोलणे बंद ठेवण्याची सोय पुष्कळ खेळांत असते, ती आधी लावावी. खेळातले नाव खरे ठेवू नये, त्यात शाळा, गाव, जन्मवर्ष घालू नये. पासवर्ड गुरुमंत्रासारखा असावा, दुसऱ्याच्या कानी जाऊ नये. फरक इतकाच की मंत्र एकच असतो, पासवर्ड मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा. खेळ अधिकृत दुकानातूनच घ्यावा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा फाईलमधून नव्हे. त्या वाटेने मोबाईलात चोर शिरतो. ज्या मोबाईलला बँकेचे खाते जोडले आहे तो पोराच्या हाती खेळायला देऊ नये. आणि पोराने खेळावे ते ओसरीत, चारचौघांत बसून. दार लावून नव्हे. निजताना सगळ्यांचे मोबाईल एका जागी, आजोबांचासुद्धा.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने दोन दिवस घालवू नका. लगोलग १९३० ह्या क्रमांकावर कळवा, कारण जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा अधिक. पोराला कोणी धमकावत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, आणि पोलीस ठाणे आहेच. धमकीचे निरोप पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.

शेवटी वारीतलीच एक रीत आठवण करून देतो. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, काय झाले ते पुसतो, त्याचा निवाडा होतो. हरवले-सापडलेले पुकारले जाते. आणि मग आरती होते. आपल्या घरी हरिपाठानंतर टाळ खाली ठेवण्यापूर्वी पोरांना विचारत जा, आज खेळात कोण भेटला, कोण जिंकले, कोणी काही मागितले का? बहुतेक रात्री पोर म्हणेल, काही नाही. एखाद्या रात्री त्याचे टाळ वाजत राहतील. तेव्हा आरती थोडी लांबू द्या. पांडुरंग अठ्ठावीस युगे उभा आहे; आणखी अर्धा तास थांबायला त्याची ना नाही.